बानूची खेप

सोनाजीनं टेम्पोतून होडी उतरवली तेव्हा सगळी वस्ती हसली. एकटी त्याची बायको सुगंधाबाई हसली नाही.

होडी कसली, सांगाडाच म्हणायचा. ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, त्या संभाजीनगरातल्या एका साहेबानं शिडाची होडी बंगल्यामागं ठेवली होती. साहेब लोकांची हौस काय असते ते यावरून समजून घ्यावं. सोनाजी मध्यंतरी काही दिवस शेंद्र्याला कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता, तेव्हाचा हा साहेब. त्याची बदली झाली तेव्हा त्यानं सोनाजीला बोलावून सांगितलं, की ही घेऊन जा, चुलीला तरी होईल. दुसरा कुणी असता तर त्यानं खरंच कुऱ्हाड चालवली असती. सोनाजीनं तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, बुडावर बोटानं टिचक्या मारल्या आणि त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. बिडकीन ओलांडून आपल्या वस्तीवर पोचेपर्यंत ते चांगलं पक्कं झालं होतं.

"हिच्यातून मेंढरं टेकडावर न्यायची," तो म्हणाला.

टेकाड म्हणजे नाथसागरातलं. धरणाचं पाणी चढलं की वस्तीसमोरची ती टेकडी चहूबाजूंनी वेढली जायची. एका हाकेच्या पलीकडं आणि दोन हाकांच्या अलीकडं, इतकीच लांब. पण तिथं जनावर जात नव्हतं, माणूस जात नव्हता, आणि गवत कमरेएवढं वाढून वाऱ्यावर नुसतं लोळत असायचं. इकडं या काठाला सोनाजीचा बाप जिथं मेंढरं चारायचा तिथं आता तारेचं कुंपण होतं आणि कुंपणावर कंपन्यांचे बोर्ड. उरलेल्या रानात कपाशी. एक खूर बांध ओलांडून आत गेला की मालक काठी घेऊन धावायचा. मेंढरांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. पोळ्यापर्यंत चाऱ्याची सोय झाली नाही तर सगळी खाटकाला द्यायची, असं सोनाजीनं ठरवलं होतं, आणि सोनाजी ठरवलं ते करणारा माणूस. सगळी म्हणजे बानूसुद्धा.

बानू ही सुगंधाबाईची मेंढी. आई जन्मतःच गेली म्हणून सुगंधाबाईनं तिला शेळीच्या दुधावर, बाटलीनं वाढवलं होतं. रात्री ती सुगंधाबाईच्या बाजेखाली झोपायची आणि दिवसा तिच्या लुगड्याला चिकटून चालायची. सुगंधाबाई जाईल तिथं बानू, आणि बानू जाईल तिथं सगळा कळप. सोनाजीचा जन्म मेंढरांमागं गेला, पण त्याच्या शिट्टीला त्या कळपात कुणी कुत्रंसुद्धा भीक घालत नव्हतं. "मेंढरं बानूची, बानू सुगंधीची, आन् म्या दोघींचा गडी," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि खूश व्हायचा.

आता त्याच बोलण्यानं सुगंधाबाई अडकली.

"बानू तुझ्याबिगर होडीत चढायची नाय," सोनाजी म्हणाला. "आन् बानू टेकडावर गेल्याबिगर दुसरं एक मेंढरू तिथं ठरायचं नाय. पयल्या खेपेला तुला यावंच लागंल."

"व्हय," ती म्हणाली. नाही म्हणायला तिला जीभच उचलता आली नाही.

पाण्याची भीती तिला लहानपणापासूनची. तिच्या माहेरी पाणी म्हणजे खोल विहिरीच्या तळाशी चमकणारा एवढासा तुकडा, दोरानं वर ओढायचा. गुडघ्यावर पाणी आलं की तिचा श्वास कोंडायचा. लग्न होऊन या वस्तीवर आली तेव्हापासून ती नाथसागराच्या काठाला धुणं धुवायची, पण पाण्याकडं पाठ करून. एवढं मोठं पाणी आपल्याकडं बघतंय असं तिला वाटायचं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. मेंढरांच्या धन्याची बायको पाण्याला भिते, हे सांगायचं तरी कुणाला?

त्या दिवसापासून होडीचं काम सुरू झालं, आणि सुगंधाबाईची झोप गेली.

सोनाजीनं होडी बाभळीखाली पालथी घातली आणि जुना रंग खरवडला. रंग होता तोवर बरं दिसत होतं. रंग निघाल्यावर सुगंधाबाईनं एका फळीवर अंगठा दाबून बघितला, तर अंगठा चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. ती चरकली. सोनाजी मात्र खूश झाला. कुजकं कुठवर आहे ते कळलं, आता तेवढंच कापायचं, असं त्याचं म्हणणं. नवीन सागवान आणायची ऐपत नव्हती. शेंद्र्याला कारखान्यांत यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, ती खोकी भंगारवाल्याकडं पडून असतात. त्यांच्या फळ्या त्यानं आणल्या. त्यांवर पेल्याचं आणि छत्रीचं चित्र छापलेलं होतं. आतला माल भिजू देऊ नका, असा त्या छत्रीचा अर्थ. ती छत्री सोनाजीनं बरोबर होडीच्या बुडाला लावली आणि स्वतःच हसला. सुगंधाबाईला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पितळी खिळे महाग म्हणून लोखंडी मारले आणि वरून डांबर फासलं. डोलकाठी मोडलेली होती, तिच्या जागी जाड वेळू उभा केला. शीड तर उंदरांनी खाल्लं होतं. मग कुणाच्या तरी वाढदिवसाचे दोन मोठे फ्लेक्स गोळा करून सोनाजी शहरात गुलमंडीजवळच्या ताडपत्री शिवणाऱ्याकडं गेला. "मंडप आहे का?" असं शिवणाऱ्यानं विचारलं. "नाय, होडीचं शीड हाय," असं सांगितल्यावर त्यानं सोनाजीकडं असं बघितलं, की सोनाजीला ते आठवून आठवून परतीच्या जीपमध्ये हसू येत होतं. शीड उभारलं तेव्हा त्यावर हात जोडलेला एक गोरागोमटा माणूस उभा राहिला, गळ्यात सोन्याची साखळी, आणि खाली शुभेच्छुकांचे बारीक बारीक चेहरे. वस्तीवरची पोरं त्याला नमस्कार करून पळायची.

फळ्यांच्या फटी बुजवायचं काम सुगंधाबाईकडं आलं. बाजारात त्यासाठी काय मिळतं ते कुणाला ठाऊक नव्हतं; घरात लोकर होती. तिनं लोकरीचे पिळदार दोर वळले, गरम डांबरात बुडवले, आणि सोनाजीनं ते छिन्नीनं ठोकून फटींत बसवले. घोंगड्याचं सूत वळताना तिला कधी विचार करावा लागला नव्हता. आता प्रत्येक पिळाला तिचा हात थांबायचा. हा पीळ सैल राहिला तर? इथूनच पाणी आत आलं तर? एकदा वळलेला दोर ती पुन्हा उसवायची आणि पुन्हा वळायची. सोनाजी वैतागायचा.

"अगं, घोंगडं इणतीस का दागिना घडवतीस?"

"घोंगडं फाटलं तर थंडी वाजती. हे फाटलं तर काय व्हतंय?"

सोनाजी पुन्हा छिन्नी ठोकायला लागला. त्याला पोहता येत होतं ते विहिरीतलं, काठाला दोर सोडून. ते नाथसागरात किती कामाला येईल ते तो बोलत नव्हता, पण ती जाणून होती.

होडी तपासायला बद्रीनाथ पाटलांच्या शेततळ्यात टाकली. पाटलांनी कपाशीत मेंढरू शिरू दिलं नसतं, पण तमाशा बघायला तळं दिलं. होडीनं सुरुवातीला पाणी घेतलं. बारीक धार बुडातून वर येऊन फळीवरून चालत गेली आणि सुगंधाबाईच्या काळजातून गेली. सोनाजीनं खडूनं खूण केली, होडी काढली, वाळवली, पुन्हा दोर ठोकला, पुन्हा डांबर. असं चार-सहा वेळा झालं. शेवटी एक दिवस होडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तळ्यात उभी राहिली आणि तिचं बूड आतून कोरडं ठणठणीत राहिलं. सोनाजीनं आत बसून बिडी ओढली. पाटील म्हणाले, "जमलं की रे!" सगळे खूश होते. सुगंधाबाई मनातल्या मनात बिरोबाला विनवत होती, की देवा, एक थेंब येऊ दे आत, एकच थेंब, म्हणजे हा नाद सुटेल.

पण मग खाटीक. मग बानू. आपण काय मागतोय हे लक्षात आल्यावर तिनं जीभ चावली.

निघायच्या आदल्या दिवशी सांडू आला. सांडू मासे धरायचा, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून. त्याच्या तराफ्यावर तो आणि त्याचं जाळं, एवढंच मावायचं. त्यानं होडी चारी बाजूंनी बघितली आणि डोकं खाजवलं.

"सोनाजीभाऊ, म्या वल्हं मारणारा माणूस. शिडाचं मला काय बी उमगत नाय. तिकडं जाताना वारा नेईल, येताना तुमी वल्हंच मारा. पर एक करा, मेंढराचे पाय बांधा आन् बुडात आडवी टाका."

सोनाजीला ते लागलं. "मेंढरं बांधत्यात व्हय रं? बैल बांधत्यात, शेळी बांधत्यात. बांधलेलं मेंढरू खचून मरतं. आमच्या बापजाद्यात कुणी बांधलं नाय. बानू बसली की बाकीची बसत्यात."

"खरंय," सुगंधाबाई म्हणाली. होडीच्या प्रत्येक फळीला, प्रत्येक खिळ्याला, शिडावरच्या त्या साखळीवाल्याला सुद्धा ती भ्याली होती. मेंढरांची भीती मात्र तिला वाटली नाही. मेंढरं तिला पाठ होती. सांडूनं खांदे उडवले आणि तो गेला.

श्रावणातली सकाळ होती. ऊन पडत होतं, जात होतं. वारा पश्चिमेचा, टेकडाला तिरका. सोनाजीचा थोरला भाऊ मुंजाबा बाकीचा कळप घेऊन काठावर थांबला. सुगंधाबाईनं चप्पल काढली, पदर खोचला आणि होडीत पाय टाकला. होडी तिच्या पायाखाली हलली. जमीन अशी कधी हलत नाही. तेवढ्यात बानूनं एक उडी मारून तिच्या मांडीला अंग घासलं. बानूमागं पाच मेंढरं आपली आपण चढली. सोनाजीनं काठावरच्या भावाकडं असं बघितलं, की जणू त्यांना त्यानंच शिकवलं होतं.

सकाळी पुन्हा काठावर आलेल्या सांडूनं होडी ढकलली. शीड फुगलं. साखळीवाला हात जोडून पुढं निघाला.

सोनाजी मागं सुकाणू धरून, एका हातात शिडाची दोरी. सुगंधाबाईनं बसायला जागा शोधली ती आयुष्यभर शोधत आली तशी. रानात वारा सुटला की मेंढपाळ आडोसा बघतो. होडीत आडोसा एकच होता, शिडाचा. शिडामागं, वारा लागत नाही त्या बाजूला, ती कडेला टेकून बसली. बानू तिच्या पायाशी. होडी त्या बाजूला जराशी कलली होती, पण वारा लागत नव्हता आणि तिला थोडं बरं वाटलं. तिनं दोन्ही हातांनी कड घट्ट धरली, डोळे बुडावर लावले आणि आपण वळलेल्या दोरांकडं बघत राहिली. पाणी येत नव्हतं. एक थेंबसुद्धा नाही. येत नाही, येत नाही, असं ती प्रत्येक श्वासाला म्हणत होती.

अर्धं पाणी ओलांडलं असेल. ढग आला, ऊन गेलं, आणि पश्चिमेकडून वाऱ्याचा जो तडाखा आला त्यानं वेळू करकरला.

वारा अंगावर आला की मेंढरू काय करतं ते सोनाजीला झोपेतही सांगता आलं असतं. ते वाऱ्याला शेपूट करतं आणि आडोशाकडं सरकतं, एकाला एक चिकटून. पाचही मेंढरं वळली आणि सुगंधाबाईच्या, बानूच्या अंगावर येऊन दाटली. होडीची ती कड पाण्याला टेकली.

"आरं देवा," सोनाजी म्हणाला. त्यानं दोरी सोडून दिली. शीड फडफडायला लागलं, पण होडी उठेना. वजन सगळं एका अंगाला. तो वरच्या कडेवर पाठ टेकून, पाय ताणून लटकला होता. "सुगंधे! इकडं ये! तू आली का बानू यील, बानू आली का सगळी येत्यात! ऊठ!"

तिला सगळं कळलं. चार पावलं वर सरकायचं होतं, बस. पण त्यासाठी कड सोडायला हवी होती, आणि बोटं सुटत नव्हती. तिनं बोटांना सांगून बघितलं. ती तिची राहिलीच नव्हती. पाण्याचा काळा काठ तिच्या मनगटावरून आत आला, थंडगार, आणि मांडीखाली पसरला.

"सुगंधे!"

तेव्हा तिचे हात सुटले. पण ती वर सरकली नाही. तिनं ते हात बानूच्या पोटाखाली घातले, आणि ढकललं.

बानू पाण्यात पडली. तिच्यामागं दुसरं मेंढरू गेलं, मग तिसरं, कुंपणाच्या फटीतून एकामागं एक जावीत तशी सगळी त्याच जागेवरून गेली. होडीनं असा हिसका दिला की सोनाजी पाण्यात जाता जाता वाचला. मग ती सरळ झाली. घोट्याएवढं पाणी घेऊन, पण सरळ.

बानूचं नुसतं तोंड वर होतं. लोकर भिजून जड झाली होती, डोळे पांढरे झाले होते. ती टेकडाकडं वळली नाही, काठाकडं वळली नाही. ती सुगंधाबाईकडं आली. जन्मापासून ती दुसरीकडं कुठं गेलीच नव्हती. पुढचे दोन खूर तिनं कडेवर टाकले आणि होडी पुन्हा कलली. तिच्यामागं बाकीची माना उंचावून येत होती.

"चढू देऊ नको!" सोनाजीचा आवाज चिरका झाला होता. "एक चढली का सगळी चढत्यात! मरू आपण!"

सुगंधाबाईनं बानूच्या कपाळावर तळवा ठेवला, जिथं ती रोज खाजवायची तिथं, आणि तिला मागं लोटलं. बानू बुडाली, वर आली, पुन्हा खूर टाकले. पुन्हा लोटलं. पाण्यात तिचा आवाज फुटत नव्हता, नुसती घरघर व्हायची. किती वेळा असं झालं ते तिला पुढं कधी सांगता आलं नाही. एकदा मात्र बानू आली आणि हात दिसताच थांबली. हाताला लांब राहून पाय मारत राहिली.

सोनाजीनं वल्हं हाणायला सुरुवात केली. सुगंधाबाईनं हाक मारली. घसा फाटेपर्यंत मारली, रानात संध्याकाळी मारायची तीच. होडी पुढं आणि मेंढरं मागं, हाताला लागणार नाहीत आणि नजरेआड होणार नाहीत एवढं अंतर ठेवून, टेकडापर्यंत गेली. खुरांना जमीन लागली तेव्हा चार मेंढरं आणि बानू, एवढी वर आली. एक मागंच राहिलं. ते कुठं राहिलं ते दोघांनीही वळून बघितलं नाही.

काठाला सोनाजी गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ नुसता धापा टाकत राहिला. मग त्यानं होडी ओढून तिरकी केली, पाणी ओतलं, बुडावरून हात फिरवला. वरून आलेलं पाणी तेवढंच. फटींतून काही नाही.

"तुझं सूत टिकलं बघ," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तू होतीस म्हणून जीव वाचला माझा."

ती मेंढरांकडं वळली. मेंढरं अंग झटकत होती, शिंकत होती, आणि हळूहळू, काही झालंच नाही अशी, गवताला लागली होती. बानू त्यांच्यामध्ये उभी होती. सुगंधाबाईनं कनवटीची भाकर काढली. ती पाण्यानं लगदा झाली होती. तरी हात पुढं केला.

"ये, माय. ये."

बानूनं मान वर केली. तिला ओळख पटली नव्हती असं नाही. चांगली पटली होती. ती दोन पावलं मागं सरली, आणि तिच्यासोबत सगळी मेंढरं दोन पावलं मागं सरली.

सुगंधाबाई पुढं झाली. बानू मागं गेली. हात खाली केला तेव्हा कुठं ती थांबली, पण तिचे कान ताठच होते आणि नजर त्या हातावर होती. भीती कशी दिसते ते सुगंधाबाईला कुणी सांगायची गरज नव्हती.

सोनाजीनं शीड गुंडाळून ठेवलं, वल्हं नीट केलं. वारा पडला होता. "चल. मुंजाबा घाबरला असंल तिकडं. बाकीची आता बांधूनच आणू, सांडू म्हणला तशी. तू नाय आलीस तरी चालंल."

ती होडीत बसली, मघाशी वारा आला होता त्या बाजूला. होडी काठापासून सुटली. एरवी ती पाणी भरायला चार पावलं गेली तरी बानू ओरडून रान डोक्यावर घ्यायची. आता सोनाजी वल्हं मारता मारता मागं वळून बघत होता, आणि टेकाड लांब जात होतं, आणि पाण्यावरून कसलाच आवाज येत नव्हता.

"बरं झालं," तो म्हणाला, "मागं लागली नाय. नायतर पुन्यांदा पाण्यात उतरली असती."

"व्हय," सुगंधाबाई म्हणाली, आणि डब्यानं होडीतलं उरलेलं पाणी उपसायला लागली.